आर्डेलियाचे केस

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वर्लीन हॉब्सन लॅथम अंत्यविधीगृहाच्या तळघरात आर्डेलिया ट्रॅमेलचे केस धूत होती. पाणी कोमट होतं. मेलेल्या माणसाला गार काय नि कोमट काय, पण वर्लीनने आधी नळाखाली मनगट धरून पाहिलं आणि मगच पाणी डोक्यावर सोडलं. एक हात मानेखाली, दुसऱ्या हाताने फेस. हे डोकं ती चाळीस वर्षं असंच धूत आली होती. एरवी डोळे मिटून पडलेली आर्डेलिया बोलत असायची, एवढाच फरक.

मिस्टर लॅथम कॉफीचा कप घेऊन खाली आले आणि दाराशीच थांबले. केस धुणं चालू असताना ते आत पाऊल टाकत नाहीत.

"लवकर आलात, मिसेस हॉब्सन."

"धुऊन सुकायला वेळ लागतो. दाट आहेत."

"मदर क्लोटील नऊला येतायत. फोन आला होता त्यांचा."

"मलाही आला होता," वर्लीन म्हणाली.

क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या काळ्या वस्तीत एक रीत आहे. जिने जन्मभर तुमचे केस केले, शेवटचेही तिनेच करायचे. अंत्यविधीगृहाचा पगारी माणूस तोंडाला पावडर लावेल, कोटाची बटणं घालेल, पण केसांना हात लावायच्या आधी विचारेल, ही बाई कुणाकडे जात होती? मग त्या पार्लरला फोन जातो. वर्लीनने अशी बरीच गिऱ्हाइकं पोचवली आहेत. त्याची तिला सवय आहे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. तिच्या पिशवीत छोटी विजेची शेगडी होती आणि पितळी दातांचा तो जाड कंगवा, जो शेगडीत तापवून कुरळे केस सरळ करतात. १९६९ नंतर आर्डेलियाने तो कंगवा आपल्या डोक्याच्या जवळपास येऊ दिला नव्हता. छत्तीस वर्षं तिने केस जन्मतः होते तसे ठेवले, कुरळे, दाट, डोक्याभोवती गोल. देशभरच्या शाळांत तिच्या कवितेच्या शेजारी फोटो छापतात तो त्याच केसांचा. आणि परवा तिच्या थोरल्या बहिणीने, मदर क्लोटीलने, फोनवर सांगितलं होतं, "वर्लीन, पोरी, तिचे केस सरळ करायचे. वर आईसमोर जायचंय तिला. नीट जाऊ दे."

वर्लीन "हो, मदर" म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? आर्डेलियाने नवरा केला नाही, मूल नाही. रक्ताचं माणूस एकच उरलं होतं, शहाऐंशी वर्षांची क्लोटील, माउंट नीबो चर्चच्या पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून बसणारी, जिला मानाने सगळं चर्च 'मदर' म्हणतं. आर्डेलियाने स्वतः काही सांगून ठेवलं नव्हतं. तेव्हा हक्क बहिणीचा. वर्लीनने नाही म्हटलं असतं तर दुपारपर्यंत दुसरी कुणी कंगवा घेऊन आली असती. ते तर तिला अजिबात चाललं नसतं.

वर्लीन अलाबामातून सतराव्या वर्षी या शहरात आली. मावशीच्या पार्लरमध्ये झाडू मारता मारता शिकली. कंगवा किती तापला हे आधी पांढऱ्या कागदावर टेकवून बघायचं. कागद करपला तर केस करपतील. नुसता पिवळट झाला की लगेच फिरवायचा, मुळापासून टोकापर्यंत, एका दमात. केसांना लावायचं मलम थोडं. आणि कानाजवळ आलं की गिऱ्हाइकाला सांगायचं, कान धरा. त्या वस्तीत वाढलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. तिचा हात आपोआप वर जातो आणि कानाची पाळ पुढे मुडपून धरतो. लहानपणी प्रत्येकीचा कान एकदा तरी भाजलेला असतो, शनिवारी स्वयंपाकघरात, रविवारच्या चर्चसाठी केस करताना. आई केस ओढते, मोठी बहीण नाहीतर मावशी कान धरते, आणि दोघी मिळून ओरडतात, हलू नकोस.

१९६५ मध्ये वर्लीनने सेंट क्लेअर रस्त्यावर स्वतःचं पार्लर काढलं. तीन खुर्च्या, भिंतीला लागून चार ड्रायर, खिडकीत एक झाड जे कधी वाढलं नाही आणि मेलंही नाही. दुसऱ्या महिन्यात एका गुरुवारी एक उंच, हाडकुळी बाई आत आली. पोस्टात पत्रं लावायच्या कामावर होती, रात्रपाळी संपवून थेट आलेली. केस करून घेतले आणि ड्रायरखाली बसली. तिथेच पर्समधून कागद काढून काहीतरी पुटपुटायला लागली.

"प्रार्थना करताय?" वर्लीनने विचारलं.

"नाही. कविता आहे. प्रार्थनेएवढी बरी नाही झालेली अजून."

पुढच्या गुरुवारी तिने शेजारच्या ड्रायरखालच्या बाईला विचारलं, वाचून दाखवू का? बाई म्हणाली, दाखवा, ऐकू येईल असं वाटत नाही. ड्रायर म्हणजे कानावर घोंघावणारं टोपलंच. आर्डेलियाने वाचलं. बाईने अर्ध्यात ड्रायर वर ढकलला आणि म्हणाली, "ती जिन्यावरची गोष्ट परत सांगा."

आर्डेलियाने जिन्याची ओळ ठेवली आणि बाकी सगळं खोडलं. तेव्हापासून ती पद्धतच पडली. नवी कविता आली की आधी हॉब्सन पार्लरमध्ये. जिथे कुणी ड्रायर वर केला ती ओळ राहिली, जिथे सगळ्याजणी निवांत बसल्या ती गेली. पुढे मोठमोठ्या लोकांनी तिच्या कवितेवर पुस्तकं लिहिली, ही इतकी थोडक्यात का लिहिते याची कारणं शोधली. ती कारणंही खरी असतील. पण ड्रायर चालू असताना लांबण लावून भागत नाही, हेही एक कारण होतं. मिशिगनहून एक विद्यार्थिनी माहिती घ्यायला आली तेव्हा दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या डेलोरिसने तिला एक ड्रायर लावून खाली बसवलं आणि म्हणाली, "बस, पोरी. आता मी काहीतरी वाचते, बघ तुला काय ऐकू येतं." ती पोरगी हसली, बसली आणि जाताना केसही करून गेली.

आर्डेलियाने पार्लरला आणखी एक खोड लावली. बायका जमल्या की कोण कुणाबरोबर दिसली, कुणाच्या घरी पोलीस आले, हे चालायचंच. एका गुरुवारी ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही ऐकलेलं सांगताय. पाहिलेलं सांगा. या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? एकच गोष्ट."

सगळ्या गप्प. मिस पर्ल, जिला गप्प बसवणं तिच्या तीन नवऱ्यांना जमलं नव्हतं, तीही गप्प.

"मी तर रोज सगळं बघते," मिस पर्ल शेवटी फणकारली.

"मग सांगा एक."

"हां... बसथांब्यावर एक माणूस होता. हातात वाढदिवसाचा केक. खोकं नव्हतं. वारा इकडून आला की तो पाठ तिकडे फिरवायचा. बस येईपर्यंत गोल गोल फिरत होता, वेडा."

डेलोरिसने हातातली कात्री खाली ठेवली. आर्डेलियाने मान डोलावली. पुढच्या गुरुवारी मिस पर्ल आल्या आल्या, अजून कोट काढायचा होता, तेवढ्यात म्हणाली, "माझं आधी." त्यानंतर चहाड्या बंद झाल्या असं नाही, तसं कुठल्याच पार्लरमध्ये होत नाही. पण खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला आधी विचारायचं, काय पाहिलंस, ही रीत पडली ती पडलीच. आर्डेलिया परगावी वाचनाला गेलेली असली तरी गुरुवारी कुणीतरी विचारायचंच.

१९६९ च्या वसंतात ती एका गुरुवारी येऊन बसली आणि म्हणाली, "आज नुसते धू."

"आणि?"

"आणि काही नाही. तसेच राहू दे."

ते दिवसच तसे होते. तरुण पोरी केस सरळ करायचं सोडत होत्या. वर्लीनची निम्मी गिऱ्हाइकं वर्षभरात गळाली होती. तिला वाटलं, गेली ही पण. ती जरा दुखावूनच म्हणाली, "माझ्या हाताला काही झालंय का, मिस आर्डेलिया?"

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. सरोवरावरून धुकं आलं की मी घरात पळते, वर्लीन. केस परत आखडतील म्हणून. पन्नाशीला आले, अजून एकदाही पावसात मनासारखी उभी राहिले नाही. कवितेत पाऊस लिहिते आणि डोक्यावर प्लास्टिकची टोपी. हे काही खरं नाही."

"मग माझ्याकडे कशाला यायचं? धुता घरीही येईल."

"घरी मी एकटी असते," आर्डेलिया म्हणाली आणि मान मागे टाकली.

ती येत राहिली, दर गुरुवारी. वर्लीनने कुरळे केस कापून गोल कसे ठेवायचे हे तिच्याच डोक्यावर शिकून घेतलं. पहिले दोन-तीन वेळा एक बाजू जड राहिली. आर्डेलिया आरशात बघून म्हणाली, "डावीकडून बघणाऱ्यांना मी जास्त हुशार वाटेन." हात बसल्यावर गळालेल्या पोरी परत यायला लागल्या. पार्लर तगलं ते त्यामुळे. वर्लीन हे कुणालाही सांगते, त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही.

क्लोटीलला ते केस कधीच पटले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांची आई गेली. भर चर्चमध्ये, सगळ्या बायका टोप्या आणि चकचकीत सरळ केसांत असताना, आर्डेलिया ते गोल डोकं घेऊन आली. क्लोटील तिच्या शेजारी बसली नाही. दोघी बहिणी, एकाच आईला पोचवायला आलेल्या, मधे दोन बाकं. नंतर बोलणं सुरू झालं, रविवारी फोन, नाताळला एकत्र जेवण. तरी दर ईस्टरला क्लोटील विचारायची, "यंदा तरी डोकं करून घेणार का?" आणि आर्डेलिया म्हणायची, "यंदा नाही." वॉशिंग्टनला आर्डेलियाला पदक मिळालं तेव्हा क्लोटीलने तिथला फोटो नीट निरखला आणि म्हणाली, "पदक छान आहे."

वर्लीनला आर्डेलियाबद्दल जे वाटतं ते पदकामुळे नाही, पार्लर तगल्यामुळेही नाही. त्यामागे एक गुरुवार आहे, १९८१ चा. त्या दिवशी पाहिलेलं सांगायची पाळी फिरत फिरत वर्लीनपर्यंत आली. ती मालकीण, तिला कधी कधी सोडूनही देत. ती म्हणाली, "माझं काही विशेष नाही बाई. रॉस्कोचा कॉफीचा कप. आज तसाच राहिला टेबलावर. डाव्या हाताला ठेवला होता मी. त्याला दिसलाच नाही जणू. विचारलं तर म्हणाला, दिलीसच कुठे कॉफी?"

बायका हसल्या. नवरे असेच, कुणीतरी म्हणालं. आर्डेलिया हसली नाही. तिचं डोकं ओलं होतं, पाणी मानेवरून ओघळत होतं.

"शर्टाची बटणं कशी लावली त्याने?"

वर्लीन आठवायला लागली. "एकाच हाताने," ती सावकाश म्हणाली. "उजव्या."

"कोट घे," आर्डेलिया म्हणाली आणि गळ्याभोवतीचं कापड स्वतःच ओढून काढलं. तिने टॅक्सी थांबवली, वर्लीनला आत ढकललं, आणि ओल्या डोक्याने शेजारी बसून रॉस्कोच्या कारखान्यापर्यंत आली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली छोटी गुठळी आहे. मोठी यायची होती, वेळेत आणलंत. रॉस्को हॉब्सन त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. डाव्या पायाने जरा ओढत चालायचा, पण मुलीच्या लग्नात नाचला आणि नातवाला मासे पकडायला शिकवलं. आर्डेलियाने त्यावर कविता लिहिली नाही. वर्लीनने एकदा विचारलंही, का नाही लिहिलीत? "ते तुझं आहे," आर्डेलिया म्हणाली.

तर अशा बाईचे केस आता वर्लीनच्या हातात होते, शेवटचे. आणि चुकले तर दुरुस्तीला पुढचा गुरुवार नव्हता.

काल पार्लरमध्ये याच विषयावर रण माजलं होतं.

"सरळ केलेस तर लोक म्हणतील, जिवंतपणी वाकली नाही, मेल्यावर वाकवली," डेलोरिस म्हणाली.

"आणि नाही केले तर म्हातारी तुला चर्चमध्ये उभी करणार नाही," मिस पर्ल म्हणाली. ती आता नव्वदीला टेकली होती आणि ड्रायर न लावताही तिला फारसं ऐकू येत नव्हतं. "ती क्लोटील. मी ओळखते तिला. तिने माझ्या पाउंड केकला कोरडा म्हटलं होतं, एकोणीसशे चौऱ्याऐंशीत."

"कोरडा होता तो, मिस पर्ल."

"असेल. पण म्हणायचं नसतं."

"वर्लीन, तू काहीतरी सांग तिला. तुझं ऐकेल."

"काय सांगू?" वर्लीन म्हणाली. "बहीण तिची आहे. माझी गिऱ्हाईक होती."

"गिऱ्हाईक," डेलोरिस म्हणाली आणि पाठ फिरवून झाडू घेतला.

नऊला पाच कमी असताना तळघराच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. मिस्टर लॅथम एका हाताने मदर क्लोटीलचं कोपर आणि दुसऱ्या हाताने खुर्ची सांभाळत होते. एरवी घरच्या माणसांना खाली आणत नाहीत. पण मदर क्लोटीलला नाही म्हणण्याचा अनुभव या भागात फारसा कुणाला नाही.

"खुर्ची तिथे ठेवा. जवळ. अजून जवळ. आता तुम्ही जा, मिस्टर लॅथम, तुमची कामं असतील."

त्या बसल्या. काळा कोट, काळे हातमोजे, केस नेहमीसारखे वळवून बसवलेले. बहिणीकडे बराच वेळ बघत राहिल्या. केस आता सुकले होते, धुतल्यावर फुलतात तसे फुलले होते, पांढरे आणि करडे.

"किती दाट आहेत अजून," क्लोटील म्हणाल्या. "माझे बघ. दोघींच्या वाटणीचे हिलाच दिलेत देवाने." मग हातमोजे काढत म्हणाल्या, "कर सुरू."

वर्लीनने शेगडी लावली. कंगवा आत ठेवला. मलमाची डबी उघडली. ती हळूहळू करत होती, पण कंगवा तापायला लागायचा तेवढाच वेळ लागतो.

"मदर," ती म्हणाली, "एकदा विचारते. परत नाही विचारणार. नक्की ना?"

"तुला काय वाटतं, मी तिला त्रास द्यायला करतेय?"

"नाही, मदर."

"आई दुसऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची आठवडाभर. शनिवारी हात फुटलेले असायचे तिचे. तशा हातांनी आम्हा दोघींची डोकी करायची. का? तर रविवारी गोऱ्या बाईने रस्त्यात बघून म्हणू नये की या पोरींना कुणी नाही. आईने ते हातांनी केलं. आणि ही त्याच आईच्या शवपेटीसमोर तसं डोकं घेऊन उभी राहिली. मला एवढंच हवंय की आता आईला भेटेल तेव्हा आईला दिसावं, आम्ही विसरलो नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या स्वतःच्या आईचेही हात तसेच होते.

तिने कंगवा काढला आणि पांढऱ्या कागदावर टेकवला. कागद नुसता पिवळट झाला. आडव्या पडलेल्या माणसाची मान उचलून मागून सुरुवात करता येत नाही, म्हणून तिने उजव्या कानशिलावरची एक बट वेगळी केली, मलम लावलं आणि कंगवा खाली आणला.

तेवढ्यात मदर क्लोटीलचा हात पुढे आला. म्हातारा, सुरकुतलेला हात, पण झटक्यात आला. दोन बोटांनी त्यांनी आर्डेलियाच्या कानाची पाळ मुडपून धरली आणि तळहात आडवा केला, कंगवा नि कान यांच्या मधे.

"हलू नकोस गं," त्या म्हणाल्या.

वर्लीनचा हात जिथल्या तिथे थांबला. कंगव्यातून मलमाचा बारीक धूर वर जात होता. क्लोटील आपल्या बोटांकडे बघत राहिल्या, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. त्यांनी पाळ सोडली नाही.

"बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "बघ मी काय करतेय."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. वर्लीनला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, पोटातून, चर्चमध्ये लहान पोरी हसतात तशा. वर्लीनने आधी ओठ दाबून धरले आणि मग तिलाही आवरलं नाही. तिने कंगवा शेगडीवर टाकला आणि टेबलाचा काठ धरून हसली. मिस्टर लॅथमनी दार किलकिलं करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? पाणी आणू का मदरना?"

"जा हो तुम्ही," क्लोटील म्हणाल्या. दार बंद झालं. त्यांनी बाहीतून रुमाल काढून डोळे पुसले. "माझं काम होतं ते. आई केस करायची आणि मी कान धरायचे. ही पाच वर्षांची, मी दहाची. एका जागी म्हणून बसायची नाही. डोकं इकडून तिकडे, सारखी बडबड, आई हे काय, आई ते काय. एकदा भाजलाच. हे बघ, इथे." पाळीच्या वरच्या कडेला फिकट रेघ होती. वर्लीनने ती हजार वेळा पाहिली होती आणि त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, कारण तशी रेघ तिच्या स्वतःच्या कानावरही आहे.

क्लोटीलने रेघेवरून अंगठा फिरवला.

"बंद कर ती शेगडी, पोरी."

"मदर?"

"ही कधी म्हणून स्थिर बसली नाही कंगव्याखाली. आणि आता बसलीय तर मला बघवत नाही. बंद कर."

वर्लीनने वायर ओढून काढली. शेगडी गार होताना टक टक वाजत होती.

"आणि तुमच्या आई?" वर्लीनने विचारलं.

"आईला मी सांगेन. माझा नंबर काही लांब नाही. ते तेल का काय लावतेस ते दे इकडे."

वर्लीनने मलमाची डबी पुढे केली. क्लोटीलने खुर्ची आणखी सरकवली, बोटाने मलम घेतलं आणि बहिणीच्या केसांत बोटानेच भांग पाडून मुळांशी लावायला लागल्या. हात जुन्या सवयीने चालत होते, कपाळापासून मागे, मग शेजारची ओळ. वर्लीन रुंद दातांचा कंगवा घेऊन पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग केस उचलून गोल बसवत गेली. दोघींना एकमेकींना काही सांगावं लागलं नाही. एकदाच क्लोटील म्हणाल्या, "तुझी बाजू जड झालीय." वर्लीनने कात्री घेतली आणि जरासं कमी केलं.

काम झालं तेव्हा क्लोटील काठीवर उठून उभ्या राहिल्या आणि दोन पावलं मागे गेल्या.

"मला अजूनही आवडत नाही हे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, मदर."

"पण तीच आहे."

"हो."

वर्लीन आपलं सामान पिशवीत भरायला लागली. तिला बोलायचं होतं, आणि बोलायची तिला सवय नव्हती. ती पिशवीतच बघत म्हणाली, "मदर, रॉस्कोची एकोणीस वर्षं तुमच्या बहिणीने दिली मला. ते मी तिला कधी धड म्हटलं नाही. दर वेळी म्हणायला गेले की ती मधेच काहीतरी विचारायची. आज धुताना म्हटलं."

"काय म्हणालीस?"

"नुसतं, थँक यू मिस आर्डेलिया."

क्लोटीलने मान हलवली. "तिने मधे तोंड घातलं नाही हे नशीब," त्या म्हणाल्या, आणि हातमोजे चढवता चढवता आठवल्यासारखं, "उद्या मुसळधार पाऊस सांगितलाय रेडिओवर. मला माझे केस सरळ हवेत, वर्लीन. चांगले घट्ट. चर्चमध्ये गव्हर्नरची बायको येणार आहे, तिच्या शेजारी बसायचंय मला."

"माझ्याकडे तुमच्यासाठी वेळ नाही, मदर. सकाळभर सगळ्या खुर्च्या भरल्यात. अख्खं चर्च येतंय."

"मग लवकर उघड."

वर्लीनने हिशेब केला, म्हातारीला किती वेळ लागेल, शेगडी तापायला किती, डेलोरिसला फोन करून उठवायला किती. मग तिने मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली आणि मदर क्लोटीलचं कोपर धरून दोघी जिना चढायला लागल्या.

उद्या शनिवार. माउंट नीबो चर्चमध्ये दर्शन नऊला, प्रार्थना अकराला. सेंट क्लेअर रस्त्यावरचं हॉब्सन पार्लर एरवी शनिवारी सातला उघडतं. उद्या ते पहाटे पाचला उघडेल, आणि पहिल्या खुर्चीवर मदर क्लोटील असतील.